नर्मदेच्या काठी मुलांचा एक दिवस

जुनी इंदुरातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा समुद्र नाही. पण मुलांना समुद्रावर जे हवं असतं, म्हणजे वाळू, वाहतं पाणी, होडी आणि भिजायची मोकळीक, ते सगळं नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर महेश्वरला मिळतं. आपली ही वस्ती कान्ह आणि सरस्वतीच्या संगमाशी वसलेली असली, तरी इथल्या मुलांची नदीशी ओळख पुलावरून खाली पाहण्यापुरतीच असते. पाण्यात पाय सोडून बसणं, ओली वाळू मुठीत धरणं, प्रवाहाची ओढ पोटरीला जाणवणं हे त्यांना वर्षातून एकदोनदा तरी मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र महेश्वरची सहल बऱ्याच घरांत दुपारपर्यंत विस्कटते. मोठ्यांनी दर्शन, फोटो, जेवण आणि साडीखरेदी असा दिवस आखलेला असतो आणि उरलेल्या वेळात मुलांनी रमावं अशी अपेक्षा असते. मुलं पाण्याकडे धावतात, मोठे ओरडतात, मग मुलं कंटाळतात आणि कुरकुर सुरू होते. यावर उपाय म्हणून नवी खेळणी नेण्याची गरज नाही. मुलांना हातात काम हवं असतं. हाताला साहित्य, डोक्याला एखादा प्रश्न आणि आपल्याकडे लक्ष देणारं एक मोठं माणूस, एवढ्यावर मूल तास-दीड तास सहज रमतं. काठावरची कामं नीट निवडली तर त्याच कामांनी मूल सुरक्षितही राहतं. हे कसं जमवायचं ते क्रमाने पाहू.

दिवस कोणता निवडावा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ. पावसाळ्यात नर्मदा गढूळ आणि वेगवान असते, तेव्हा मुलांना पाण्यात उतरवण्याचा विचारही नको. मार्चपासून निमाड तापायला लागतो. महेश्वर इंदूरपेक्षा बरंच खाली, विंध्याच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे इंदुरात सुखाचं वाटणारं ऊन तिथे चटके देतं आणि घाटाचे काळे दगड दुपारी अनवाणी चालू देत नाहीत.

पंचांग पाहून निघावं, पण उलट्या हेतूने. नर्मदा जयंती म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, मकरसंक्रांत, महाशिवरात्र, कार्तिकी पौर्णिमा आणि कोणतीही अमावास्या या दिवशी घाट स्नानाला आलेल्या भाविकांनी भरलेला असतो. आजी-आजोबांना पर्वस्नान हवं असेल तर त्यांना त्या दिवशी वेगळं न्यावं. मुलांसाठी आठवड्यातला साधा दिवस किंवा पर्व नसलेला रविवार बरा. गर्दीत मूल हरवण्याची भीती सतत असली की कोणाचंच मन खेळात लागत नाही.

दिवसाचे तीन भाग

सकाळी सहाला निघालं तर राऊ, महू, मानपूर, धामनोद करत साडेआठपर्यंत घाटावर पोचता येतं. पुढच्या दिवसाचे तीन भाग करावेत. साडेअकरापर्यंत पाणी आणि वाळू. साडेअकरा ते साडेतीन जेवण, सावली आणि किल्ला. साडेतीन ते साडेपाच होडी आणि पुन्हा काठ.

या विभागणीला कारण आहे. महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे आणि त्याचे घाट दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो, म्हणून घाटावर दिवसभर ऊन असतं. थंडीत सकाळी ते हवंहवंसं वाटतं, पण दुपारी किल्ल्याची एवढी उंच भिंत पाठीशी असूनही तिची सावली घाटावर पडत नाही. त्यामुळे दुपारची मुक्कामाची जागा आधीच ठरवलेली असावी.

पोचल्याबरोबर देवदर्शनाला जाऊ नये. दोन-अडीच तास गाडीत बसलेल्या मुलांना पाणी दिसल्यावर आणखी थांबायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आधी काठ, मग राजराजेश्वराचं देऊळ.

पहिलं काम: काडी रोवणं

काठावर पोचल्यावर सर्वांत आधी मुलांनी एक करावं. पाण्याची कड जिथे वाळूला किंवा चिखलाला टेकते तिथे एक काडी रोवावी. घाटाच्या पायरीवर असाल तर खडूने पाण्याच्या रेषेवर खूण करावी. एका मुलाला ‘काडीवाला’ नेमावं आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी काडीच्या वर आलं की खाली गेलं ते त्याने सगळ्यांना ओरडून सांगावं. मुलांना हे काम फार आवडतं, कारण त्यांच्या शब्दावर मोठी माणसं हालतात. पाणी चार बोटं चढलं तर सगळ्यांनी बाहेर यायचं, हा नियम आजोबांनाही लागू.

हा नियम का, ते मुलांना सोप्या शब्दांत सांगावं. समुद्राला भरती-ओहोटी असते आणि तिची वेळ आधी कळते. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. महेश्वरच्या नर्मदेला भरती नाही, पण तिच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे आणि त्याच्याही वर पुनासाचं इंदिरा सागर. विजेची मागणी वाढली की तिथली जनित्रं फिरू लागतात आणि सोडलेलं पाणी काही तासांनी खालच्या घाटांवर पोचतं. आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढू शकतं आणि पंचांग त्याची वेळ सांगू शकत नाही.

7 एप्रिल 2005 रोजी देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे अमावास्येच्या स्नानाला जमलेले लोक असेच अचानक वाढलेल्या पाण्यात सापडले. इंदिरा सागरातून पाणी सोडलेलं होतं. साठहून अधिक माणसं त्या दिवशी वाहून गेली. लहान मुलांना ही हकिगत सांगून घाबरवू नये, पण मोठ्यांनी ती लक्षात ठेवावी. काडीकडे लक्ष ठेवणारं मूल खेळतही असतं आणि सगळ्या कुटुंबाची राखणही करत असतं.

लाल टोपीचा पहारा

बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला हाक मारता येत नाही आणि हातही हलवता येत नाहीत. त्यामुळे ‘काही झालं तर आवाज येईलच’ हा भरवसा खोटा असतो. दहा मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला दुसरा कोणीतरी पाहतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात कोणीच पाहत नसतं.

म्हणून एक लाल टोपी न्यावी. ती ज्याच्या डोक्यावर, त्याने फक्त मुलांकडे पाहायचं. गप्पा नाहीत, फोन नाही, फोटो नाहीत, डबा उघडणंही नाही. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची आणि देताना मोठ्याने म्हणायचं, “काका, टोपी तुमची.” वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकाग्र राहणं अवघड जातं, म्हणून पाळी लहान ठेवावी.

बाकीचे नियम थोडे पण ठाम असावेत. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, त्याहून खोल नाही. पाच वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरात. मोठ्या माणसाने मुलाच्या उताराकडच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे मूल घसरलं तर प्रवाह त्याला त्याच माणसाच्या पायांशी आणतो. घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि शेवटच्या पायरीनंतर एकदम खोली येते, म्हणून मुलांना पायऱ्यांवरून पाण्यात सोडू नये. नावाड्यांना विचारून उथळ, वाळूची किंवा गोट्यांची सपाट जागा शोधावी. पाणी उतरल्यावर यंदा वाळूचा पट्टा कुठे उघडा पडलाय, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

कपड्यांचा रंगही विचार करून निवडावा. नर्मदेचं पाणी हिवाळ्यात हिरवट निळं दिसतं आणि निळे, हिरवे, पांढरे कपडे त्यात मिसळून जातात. केशरी, पिवळाधमक किंवा राणी रंग लांबूनही उठून दिसतो. प्रत्येक मुलाच्या मनगटाच्या वर पेनाने आईबाबांचा फोन नंबर लिहावा आणि हरवल्यास भेटायची एक ठळक जागा पोचताक्षणी सगळ्यांना दाखवून ठेवावी.

वाळू: किल्ला कसा उभा राहतो

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना किल्ला करणं शिकवावं लागत नाही, दिवाळीत मातीचा किल्ला त्यांनी केलेला असतो. इथे तर समोर खरा किल्ला उभा आहे. 1767 च्या सुमारास अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली आणि 1795 मध्ये त्या जाईपर्यंत होळकरांचा कारभार याच काठावरून चालला. मुलांना सांगावं, समोर दिसतो तसाच करा. बुरूज किती, पायऱ्या कुठे, दरवाजा कोणत्या बाजूला, हे आधी नीट पाहून मोजायचं आणि मगच वाळूला हात लावायचा. नुसतं ‘काहीतरी बनवा’ म्हटलं तर मुलं पाच मिनिटांत उठतात. समोर नमुना असला की वाद घालतात, पुन्हा मोजतात, पाडून परत बांधतात.

वाळू का चिकटते, हे मोठ्या मुलांना जरूर दाखवावं. कोरड्या वाळूचे कण एकमेकांवरून घसरतात. थोडं पाणी मिसळलं की दोन कणांच्या मध्ये पाण्याचा बारीक पूल तयार होतो आणि तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी फार झालं की कणांमधल्या सगळ्या फटी भरतात, हे पूल नाहीसे होतात आणि वाळू वाहू लागते. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठातल्या अभ्यासकांनी किल्ल्यासाठी आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी हे प्रमाण सुचवलं होतं. मुलांनी वाटीने मोजून तीन ढीग करावेत. पहिल्यात आठाला अर्धी वाटी, दुसऱ्यात एक आणि तिसऱ्यात तीन वाट्या पाणी घालावं. मग तिन्हींतून पेल्याचे बुरूज पाडून कोणता टिकतो ते पाहावं. वाळू पेल्यात दाबून भरणं महत्त्वाचं. कण जितके जवळ येतात तितका बुरूज पक्का होतो.

नदीची वाळू समुद्राच्या वाळूपेक्षा बहुधा भरड असते. बारीक वाळू हवी तर मोठ्या खडकाच्या आडोशाला, उताराच्या बाजूला शोधावी. जोरात वाहणारं पाणी बारीक कण पुढे नेतं आणि खडकामागे पाण्याचा जोर मंदावला की ते तिथे खाली बसतात. ‘बारीक वाळू कुठे सापडेल?’ हा प्रश्न आठ-दहा वर्षांच्या मुलांना अर्धा तास पुरतो आणि नदी काम कशी करते तेही कळतं.

तीन वर्षांखालच्या मुलाला किल्ल्यात रस नसतो, त्याला ओतायचं असतं. त्याच्यासाठी कोरड्या जागी एका परातीत चार बोटं पाणी घ्यावं आणि दोन वाट्या, एक पळी, एक करवंटी, एक चहाची गाळणी द्यावी. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं आणि गाळणीतून पाणी गळताना पाहणं याला ते मूल कंटाळत नाही. आजीला बसल्या जागी सांभाळता येईल असा हा खेळ आहे. फक्त तेवढ्या पाण्याजवळही लहान मुलाला एकटं सोडू नये.

दगड

नर्मदेचे गोटे हा या काठाचा खरा खजिना. लाल, पिवळे, करडे, पांढरे, पट्टे असलेले, काचेसारखे अर्धपारदर्शक असे कितीतरी प्रकार सापडतात. अमरकंटकहून निघालेली ही नदी 1312 किलोमीटर वाहते आणि वाटेत कितीतरी प्रकारच्या खडकांमधून जाते. माळव्याचं पठार ज्या काळ्या पाषाणाचं आहे, तोच सह्याद्रीतही आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्या थरांतल्या पोकळ्यांमध्ये पुढे गारगोटी आणि अकीक तयार झाले. त्यांचे तुकडे नदीत पडले आणि घासून गुळगुळीत झाले. नर्मदेच्या दगडाचं बाणलिंग घरोघर पुजलं जातं, हेही मुलांना इथेच कळावं. बकावां या काठावरच्या गावात असे दगड घडवून शिवलिंगं तयार करतात.

दगडांची कामं सोपी असतात. सहा-सात वर्षांच्या मुलांनी रंगानुसार वाटण्या कराव्यात. त्याहून मोठ्यांनी हातात धरून गोल आणि कोपरे असलेले वेगळे करावेत आणि जास्त प्रवास कोणी केला असेल ते सांगावं. जितका गुळगुळीत, तितका लांबून आलेला किंवा तितका जास्त घासलेला. पाच सारखे गोटे मिळाले की आजीने सागरगोटे शिकवावेत. सात चपटे दगड आणि एक कापडी चेंडू असला की लगोरी होते. पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत कसा जातो ते बाबांनी दाखवावं, मात्र समोर नाहणारं किंवा होडीतलं कोणी नाही याची खात्री करूनच.

घरी न्यायला प्रत्येकाला एकच दगड. शंभरातून एक निवडायचा म्हटलं की मूल प्रत्येक दगड नीट पाहतं. पिशवीभर न्यायचे तर ते काहीच पाहत नाही.

पान सोडा, वेग मोजा

घाटावर नदीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला नर्मदेचा उगम आणि उजव्या हाताला समुद्र. ही पश्चिमेला, खंबातच्या आखाताकडे जाणारी नदी. मुलांनी सकाळचा सूर्य पाहून पूर्व ठरवावी आणि पाणी कुठे चाललंय ते स्वतः सांगावं.

मग काठाकाठाने दहा लांब ढांगा मोजाव्यात. मोठ्या माणसाची लांब ढांग साधारण मीटरभर, म्हणजे दहा मीटर झाले. वरच्या टोकाला एकाने पाण्यात वाळकं पान सोडायचं, खालच्या टोकाला दुसऱ्याने सेकंद मोजायचे. पान पंचवीस सेकंदांत पोचलं तर वेग तासाला साधारण दीड किलोमीटर. आता मोठ्या माणसाने एक करवंटी किंवा लाकडाचा तुकडा थोडा आत फेकावा आणि मुलांनी तोही मोजावा. आतला वेग जास्त निघतो, कारण काठाशी आणि तळाशी पाणी घासून मंद होतं. नदी कडेला शांत दिसते पण आत ओढ असते, हे शंभरदा सांगूनही पटत नाही, ते इथे मुलांना त्यांच्याच आकड्यांतून कळतं. हा प्रयोग झाल्यावर खोल पाण्यात जायचा हट्ट बराच कमी होतो. कागदी होड्या किंवा थर्माकोल मात्र पाण्यात सोडू नये, झाडाचं जे आहे तेच सोडावं.

दुपार: सावलीतली कामं

साडेअकराला सगळ्यांना बाहेर काढावं. अंग कोरडं करताना चिकटलेली वाळू टॉवेलने घासू नये, त्वचा सोलवटते. थोडी टाल्कम पावडर लावली की ती ओल शोषून घेते आणि वाळू आपोआप झडते.

जेवण घरचंच बरं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि इंदूरची शेव. दही-दुधाचे पदार्थ प्रवासात टाळावेत. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तहान लागल्याचं कळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला दोन घोट लिंबू-मीठ-साखरेचं सरबत प्यायला लावावं. पिण्याचं पाणी घरून न्यावं.

जेवणानंतर किल्ल्यात आणि राजवाड्यात मुलांना नुसतं फिरवू नये, शोध घ्यायला लावावा. महेश्वरी साडीच्या काठावरच्या बऱ्याच नक्षी किल्ल्याच्या आणि मंदिराच्या दगडांवरून उचललेल्या आहेत. चटई, वीट, हिरा, लाट अशी त्यांची रूपं. आईच्या किंवा मावशीच्या अंगावर महेश्वरी असेल तर तिचा काठ पाहून तीच नक्षी दगडात शोधायची. नसेल तर आधी हातमागावर जावं. रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या रेहवा सोसायटीमुळे इथल्या विणकरांना पुन्हा काम मिळालं. विणकरांची परवानगी घेऊन मुलांनी माग चालताना पाहावा. उभे धागे ताणलेले, आडवा धागा धोट्यातून इकडून तिकडे जातो आणि दर फेरीला कापड केसभर वाढतं. मुलांनी दहा फेऱ्यांत कापड किती वाढलं ते बोटाने मोजावं आणि आख्ख्या साडीचा अंदाज करावा. मग साडीच्या किमतीबद्दल त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं लिंगार्चन हेही इथलं एक वैशिष्ट्य. काळ्या मातीची हजारो छोटी शिवलिंगं हाताने करून, पूजा करून नर्मदेत विसर्जित करतात. हे सकाळी होतं, म्हणून ज्यांना पाण्यात उतरायचं नाही अशा मुलांना आजीआजोबांनी तेव्हा तिकडे न्यावं. इतक्या लहान आकाराची मूर्ती बोटांनी किती झरझर होते ते मुलं डोळे विस्फारून पाहतात. परत आल्यावर त्यांना मातीचा गोळा द्यावा, हात आपोआप चालू लागतात.

दुपारी झोपणाऱ्या लहानग्याची झोप चुकवू नये. संध्याकाळचा सगळा आनंद त्या एका तासावर अवलंबून असतो.

होडी आणि पलीकडचा काठ

ऊन उतरलं की होडी. मुलांच्या मापाचं जीवरक्षक जाकीट असेल तरच बसावं. मोठ्यांचं जाकीट मुलाला घातलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून येतं. जाकिटाचे खांदे धरून वर उचलावे, ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप चुकलंय. होडीत उभं राहायचं नाही आणि हात बाहेर काढायचे नाहीत, हे चढण्याआधी नावाड्याच्या तोंडून ऐकवावं. मुलं त्याचं जास्त ऐकतात.

नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथून संपूर्ण घाट एका नजरेत दिसतो. सकाळी वाळूत बांधलेल्या किल्ल्यात काय चुकलं होतं ते इथून मुलांच्या लक्षात येतं. पलीकडच्या तीरावर नावडातोली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1957 ते 1959 मध्ये इथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती त्यातून उजेडात आली. कुडाच्या भिंतींच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, लाल मातीच्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी, गहू, मसूर, जवस असं धान्य. त्या घरांतली मुलं याच काठावर खेळत असणार. त्यांनी कशाने खेळलं असेल, हा प्रश्न होडीत विचारावा आणि उत्तरं मुलांनाच देऊ द्यावीत. खापराचा तुकडा दिसला तर पाहून तिथेच ठेवावा, तो सगळ्यांचा ठेवा आहे.

वेळ असेल आणि मुलं दहाच्या पुढची असतील तर महेश्वरपासून थोडं खाली, जलकोटीजवळ सहस्रधारा पाहायला न्यावं. काळ्या खडकांतून नदी असंख्य धारांनी फुटून वाहते. इथे पाण्यात उतरायचं नाही, खडक निसरडे आहेत आणि धारेला जोर फार. पण याच उसळत्या पाण्यात होडी हाकण्याच्या शर्यती होतात. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कॅनो स्लॅलम ही शर्यत इथेच झाली. सराव चालू असला तर मुलं तासभर जागची हलत नाहीत.

घाटावर परिक्रमावासी भेटले तर मुलांनी “नर्मदे हर!” म्हणून नमस्कार करावा. त्यात महाराष्ट्रातून आलेले अनेक जण असतात आणि मराठी ऐकून ते आपणहून बोलतात. कुठून निघालात, रात्री कुठे राहता, नदी ओलांडायची नाही हा नियम का, हे मुलांनीच विचारावं. चालून पाहिलेल्या माणसाच्या तोंडून मिळालेलं उत्तर लक्षात राहतं.

एक पिशवी, दुहेरी उपयोग

सामान कमी असावं. परात, चार वाट्या, पळी, गाळणी, दोन करवंट्या, एक खुरपं, खडू, कापडी चेंडू, लाल टोपी, एक जुनी साडी. जुन्या साडीचं अंथरूण होतं, सावली होते आणि कपडे बदलायला आडोसाही होतो. प्रत्येक मुलाला दोन जोड कपडे, सपाता आणि एक गरम अंगरखा, कारण पाण्यातून निघालेल्या मुलाला संध्याकाळच्या वाऱ्यात लगेच हुडहुडी भरते. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजले की खेळ थांबवून आधी कोरडे कपडे.

दोन पिशव्या कचऱ्यासाठी. ओला आणि सुका वेगळा करायचं इंदूरच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही, घरासमोर येणाऱ्या गाडीने ते केव्हाच शिकवलंय. तीच शिस्त नर्मदेच्या काठीही पाळावी, आणि आपला कचरा उचलून झाल्यावर शेजारचे दोन-चार कागदही उचलावेत. हे काम मुलांना दिवसाच्या शेवटी द्यावं, निघायची वेळ झाल्याची ती खूण होते. ‘चला, निघा’ म्हटलं की रडारड होते, काम संपवून निघताना ती होत नाही.

परतीच्या वाटेवर

परत येताना मंडलेश्वरवरून जाम दरवाजाच्या घाटाने महूला यावं, उजेड असेल तर वळणावळणाने निमाड खाली जाताना दिसतो. मंडलेश्वरजवळच जलूद आहे. 1978 मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात पोचलं ते इथून. चारशे मीटरपेक्षा जास्त उंच चढवून, सत्तर एक किलोमीटर नळांतून ते आपल्या घरी येतं. मुलांना विचारावं, सकाळी तुम्ही दात घासले ते पाणी कुठलं होतं? ज्या नदीत दिवसभर खेळलो तिचंच पाणी आपण पितो हे समजलं, की नळ चालू ठेवू नका असं सांगण्याला अर्थ येतो.

ही आखणी एकदा बसली की पुढच्या वर्षी मोठ्यांचं काम कमी होत जातं. पाच वर्षांचं मूल दगड गोळा करतं. आठव्या वर्षी तेच काडी सांभाळतं. दहा-अकराव्या वर्षी पानाचा वेग काढून धाकट्यांना समजावतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला मोठ्या माणसाच्या जोडीने पहाऱ्याला उभं करावं आणि टोपी त्याच्या डोक्यावर द्यावी. जबाबदारी दिली की या वयाची मुलं सहलीला यायला कांकूं करत नाहीत. म्हणून पुढच्या हिवाळ्याची तारीख ठरवताना मुलांना सोबत घेऊन बसा आणि कोणतं काम कोणाकडे ते त्यांनाच वाटू द्या.